कमी पारगम्यतेच्या कोळशातून वायू किती वाहतो : मोजणी आणि मॉडेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एकाच कोळशाच्या कोअरवर, म्हणजे थरातून कापून काढलेल्या दंडगोल नमुन्यावर, आधी हेलियमने आणि मग मिथेनने पल्स डिके चाचणी (दाबाचा छोटा धक्का देऊन तो कसा मिटतो ते पाहण्याची) घेतली. दोन्ही वायूंनी दिलेली पारगम्यता, म्हणजे वायू आतून वाहू देण्याची क्षमता, कित्येक पटींनी वेगळी निघाली. मिथेनची चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली तेव्हा तिसराच आकडा आला. सगळे आकडे एका मायक्रोडार्सीच्या (पारगम्यतेचं अगदी लहान एकक) आगेमागे आहेत. यातला खरा कोणता, आणि थरातला वायू काढून घेणाऱ्या निचरा-बोअरच्या मॉडेलमध्ये कोणता घालायचा?

तिन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर असू शकतात. कोणता वायू, किती दाब, किती ताण आणि वायू आत शिरून किती वेळ झाला, या चार गोष्टी सोबत लिहिलेल्या नसतील तर कोळशाच्या पारगम्यतेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. पण कमी पारगम्यतेच्या कोळशात सगळ्यात मोठा घोळ याच्याही आधी होतो. या कोळशात वायू वाहतो त्याहून कितीतरी जास्त साठतो, आणि साठलेला वायू वाहिलेला म्हणून हिशेबात धरला जातो. तुमच्या तीन आकड्यांमागचं मुख्य कारण मला हेच दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी प्रवाह किती बारीक आहे ते पाहू. ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर लांबीचा कोअर घ्या. पारगम्यता १ मायक्रोडार्सी, म्हणजे साधारण १० चा उणे १८ वा घात चौरस मीटर. एका टोकाला मिथेनचा निरपेक्ष दाब १ मेगापास्कल, दुसरं टोक वातावरणाला उघडं. वायू दाबाखाली आकुंचन पावतो, म्हणून दाबाच्या फरकावरून प्रवाह देणाऱ्या डार्सीच्या नियमात दाबांचा साधा फरक चालत नाही. दोन्ही टोकांच्या दाबांच्या वर्गांचा फरक घ्यावा लागतो. मिथेनची विस्कॉसिटी ११ मायक्रोपास्कल-सेकंद धरली की बाहेर पडणारा वायू, वातावरणाच्या दाबाला मोजून, मिनिटाला सुमारे ०.४ मिलिलिटर येतो. हे अजून मोजता येण्यासारखं आहे. पारगम्यता याच्या शंभरावा भाग असेल, आणि घट्ट कोळशात ताण वाढवला की ती तिथवर सहज उतरते, तर प्रवाह तासाला पाव मिलिलिटरच्या खाली जातो.

आता याच्या शेजारी तापमान ठेवून पाहा. तुमच्या दाबपात्राचं आकारमान १०० मिलिलिटर आहे आणि त्यात १ मेगापास्कल दाबाचा वायू आहे असं धरू. खोलीचं तापमान एका अंशाने बदललं की आतला दाब सुमारे ३.४ किलोपास्कल हलतो. वायूच्या भाषेत हा बदल वातावरणीय दाबाच्या ३.४ मिलिलिटरइतका होतो, म्हणजे त्या घट्ट कोअरमधून चौदा तासांत वाहणाऱ्या वायूएवढा. म्हणून कमी पारगम्यतेच्या चाचणीत पहिला खर्च चांगल्या तापमान-नियंत्रित पेटीवर करावा, महागड्या दाबमापकावर नंतर. अंशाच्या दहाव्या भागापर्यंतची स्थिरता ही मला किमान गरज वाटते. त्यानंतर कोअरच्या जागी भरीव स्टीलचा दंडगोल बसवून तीच चाचणी रात्रभर चालवा. त्या रात्रीचा दाबाचा आलेख म्हणजे तुमच्या यंत्रणेची गळती. तिच्यापेक्षा लहान प्रवाह त्या यंत्रणेवर मोजला असं म्हणता येत नाही.

पल्स डिके पद्धत ब्रेस, वॉल्श आणि फ्रँगोस यांनी १९६८ मध्ये ग्रॅनाइटसाठी मांडली. कोअरच्या दोन्ही टोकांना बंद दाबपात्रं जोडायची, एका बाजूचा दाब थोडा वाढवायचा आणि दोन्हीकडचा फरक कसा मिटत जातो ते पाहायचं. फरकाचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून पारगम्यता निघते. पद्धत सुंदर आहे, पण तिच्या सोप्या सूत्रात एक गृहीतक दडलेलं आहे : खडकात साठणारा वायू दाबपात्रातल्या वायूच्या तुलनेत नगण्य आहे. ग्रॅनाइटसाठी ते खरं होतं. कोळसा मात्र मिथेन अधिशोषून घेतो, म्हणजे त्याचे रेणू आपल्या आतल्या पृष्ठभागावर चिकटवून धरतो.

वरच्याच कोअरवर आकडेमोड करू. त्याचं आकारमान ८६ घन सेंटिमीटर, वस्तुमान साधारण ११६ ग्रॅम. सच्छिद्रता ३ टक्के धरली तर मोकळी पोकळी २.६ घन सेंटिमीटर. अधिशोषणासाठी लँगम्यूरचा वक्र, म्हणजे कोणत्या दाबाला किती वायू चिकटतो ते सांगणारा, घेऊ : कमाल क्षमता ग्रॅमला २० घन सेंटिमीटर, आणि २ मेगापास्कलला त्याच्या निम्मी. १ मेगापास्कलच्या आसपास दाब थोडा वाढवला की मोकळ्या पोकळीत जेवढा जादा वायू मावतो, त्याच्या सुमारे २० पट जादा वायू कोळशाच्या अंतर्भागात चिकटून बसतो. मिथेनच्या दृष्टीने या कोअरची पोकळी २.६ घन सेंटिमीटर नसून ५५ घन सेंटिमीटर आहे. हेलियमच्या दृष्टीने ती २.६ च आहे, कारण तो जवळजवळ अधिशोषला जात नाही.

याचे परिणाम मोजण्यासारखे आहेत. पल्स दिल्यावर सुरुवातीला वरच्या बाजूचा दाब झपाट्याने उतरतो, कारण वायू कोअरमध्ये शिरून साठतो आहे. पलीकडे अजून फारसा पोहोचलेलाच नसतो. या भागाचा उतार सोप्या सूत्रात घातला तर पारगम्यता फुगलेली येते. उत्तरार्धात उलट होतं. दोन्ही दाबपात्रं ५० मिलिलिटरची असतील तर उत्तरार्धाच्या उतारावरून काढलेली पारगम्यता १५-१६ टक्क्यांनी कमी येते. दाबपात्रं १० मिलिलिटरची असतील, आणि घट्ट खडकासाठी चाचणी लवकर उरकावी म्हणून मुद्दाम लहान पात्रं घेतली जातात, तर ती जवळपास निम्मी येते. त्यातही ही ५५ घन सेंटिमीटरची पोकळी एका क्षणात उघडत नाही. मिथेनला क्लीटमधून, म्हणजे कोळशातल्या नैसर्गिक भेगांमधून, आजूबाजूच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे भेगांमधल्या भरीव कोळशात, विसरणाने शिरावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. चाचणी किती वेळ चालली आणि त्याआधी कोअरमध्ये किती वायू मुरलेला होता, यावर वायूला प्रत्यक्ष जाणवणारी पोकळी २.६ आणि ५५ यांच्यामध्ये कुठेतरी असते. पहिल्या दिवशीचा मिथेनचा आकडा दुसऱ्या दिवशी बदलतो तो इथे.

हे स्वतःच्या नोंदींत तपासता येईल. अधिशोषण नसेल तर पल्स मिटल्यावरचा अंतिम दाब तिन्ही आकारमानांवरून आधीच सांगता येतो. प्रत्यक्ष दाब त्याखाली गेला असेल आणि अजून उतरत असेल, तर वायू कोळशात जातो आहे किंवा बाहेर गळतो आहे. गळती जवळपास एकाच गतीने चालू राहते. अधिशोषणाची गती कमी-कमी होत थांबते. हेलियमच्या चाचणीत हा उतार दिसत नसेल आणि मिथेनच्या चाचणीत दिसत असेल तर शंकेला फारशी जागा राहत नाही. म्हणून दोन दाबांचा फरकच नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी विसंबत नाही. दोन्ही बाजूंचे निरपेक्ष दाब पहिल्या सेकंदापासून स्वतंत्रपणे साठवा.

उपाय कष्टाचा आहे, पण सरळ आहे. कोअर ज्या सरासरी दाबाला मोजायचा त्या दाबाला मिथेनने आधी पूर्ण मुरवा. वर धरलेल्या १ मायक्रोडार्सीच्या कोअरमध्ये दाब एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला हेलियमला तासाभराचा काळ लागतो, तर त्याच दाबाला मिथेनला अकरा-बारा तास. पारगम्यता शंभरपट कमी असेल तर मिथेनला दीड महिन्याहून जास्त. मुरवण्यासाठी याच्या काही पट वेळ द्यावा लागतो, म्हणून अतिघट्ट नमुन्यासाठी लांब कोअरचा हट्ट सोडून पातळ चकती घ्यावी. लांबी निम्मी केली की वेळ चौथाईवर येतो. पल्स लहान ठेवा, सरासरी दाबाच्या काही टक्के एवढीच. आणि उतारावरून सूत्र लावण्याऐवजी दोन्ही दाबांचे पूर्ण वक्र साठवणुकीचं पद असलेल्या समीकरणाशी जुळवा. कुइ आणि बस्टिन यांनी २००९ मध्ये अधिशोषणासाठीची दुरुस्ती पल्स डिकेच्या विश्लेषणात कशी आणायची ते मांडलं आहे. तोच मार्ग घ्या. त्यासाठी त्याच कोळशाचा अधिशोषण वक्र, त्याच तापमानाला आणि त्याच आर्द्रतेला मोजलेला लागतो. कोरड्या भुकटीचा वक्र ओल्या कोअरला लावू नका. पाणी अधिशोषणाच्या जागाही अडवतं आणि भेगाही.

साठवणूक बाजूला काढली की हेलियम आणि मिथेन यांच्यात उरलेला फरक खऱ्या भौतिकीचा असतो. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग सरकणुकीचा. अतिशय अरुंद वाटेत वायूचे रेणू भिंतीपाशी थांबत नाहीत, त्यामुळे कमी दाबाला पारगम्यता जास्त दिसते. क्लिंकेनबर्गने १९४१ मध्ये दाखवलं की दिसणारी पारगम्यता सरासरी दाबाच्या व्यस्ताशी सरळ रेषेत वाढते. ही रेषा मिथेनवर काढण्याचा मोह टाळा. मिथेनचा दाब कमी केला की कोळसा आकसतो, भेगा रुंदावतात आणि तीही वाढ त्याच रेषेत मिसळते. रेषा छान सरळ येऊनही तिचा अर्थ चुकतो. सरकणुकीचा गुणांक हेलियमवर काढा, तोही परिणामी ताण (बाहेरचा दाब वजा आतल्या वायूचा दाब) स्थिर ठेवून. मग तो मिथेनसाठी बदलून घ्या. गुणांक विस्कॉसिटीच्या सम प्रमाणात आणि रेणूभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे मिथेनचा गुणांक हेलियमच्या सुमारे ०.२८ पट येतो. निव्वळ यामुळेही कमी दाबाला हेलियमची पारगम्यता मिथेनपेक्षा ठळकपणे जास्त दिसते.

दुसरा भाग फुगण्याचा. मिथेन मुरला की मॅट्रिक्स फुगतं, आणि कोअर बाहेरून दाबलेला असल्याने त्या फुगण्याचा काही भाग भेगांच्या जागेवर उठतो. भेगांची पारगम्यता रुंदीच्या घनाबरोबर बदलते : रुंदी निम्मी झाली तर पारगम्यता आठवा भाग. कार्बन डायऑक्साइडने कोळसा मिथेनपेक्षाही जास्त फुगतो. अमेरिकेतल्या सॅन हुआन खोऱ्यात ॲलिसन युनिटमध्ये १९९५ पासून कार्बन डायऑक्साइड कोळशात भरण्यात आला, तेव्हा तो आत घेण्याची थराची क्षमता घटलेली दिसली. प्रयोगशाळेत चाचण्यांचा क्रम याच कारणासाठी महत्त्वाचा ठरतो. आधी हेलियम, मग निर्वात करून मिथेन, मग पुन्हा निर्वात करून हेलियम, आणि गरज असेलच तर कार्बन डायऑक्साइड सगळ्यात शेवटी. परतीच्या हेलियमचा आकडा पहिल्याशी जुळला नाही, तर कोअर मधल्या काळात बदललेला आहे किंवा मिथेन पूर्ण निघालेला नाही.

नमुन्याबद्दल थोडक्यात. वर आलेल्या कोअरवरचा ताण सुटलेला असतो, त्यामुळे थरात नसलेल्या भेगा त्यात उघडतात. त्याला थरातल्या ताणापर्यंत चढवून-उतरवून, लागोपाठच्या दोन फेऱ्यांचे आकडे जुळेपर्यंत स्थिरावू द्या. थराच्या पातळीला समांतर कापलेला कोअर आणि लंब कापलेला कोअर ही दोन वेगळी मोजमापं आहेत. त्यांची सरासरी काढू नका.

आता मॉडेल. गाभ्याला एकच समीकरण आहे : मोकळा वायू आणि अधिशोषित वायू मिळून जो साठा होतो, त्याच्या बदलाचा दर डार्सीच्या प्रवाहाच्या फरकाइतका. त्यात पारगम्यता दाबाबरोबर बदलू द्यायची असते. इथे पामर आणि मन्सूरी यांचं १९९६ चं मॉडेल किंवा शी आणि डुरुकान यांचं २००४ चं मॉडेल वापरलं जातं. दोन्ही असं धरतात की थर आडव्या दिशेने ताणला किंवा आकसला जात नाही आणि वरचा भार कायम आहे. शी-डुरुकानची मांडणी मला जास्त आवडते, कारण तिच्यात दोन विरुद्ध ओढी वेगवेगळ्या दिसतात. दाब कमी झाला की आडवा परिणामी ताण वाढतो आणि भेगा मिटतात. त्याच वेळी मॅट्रिक्स आकसतं, ताण सैल होतो आणि भेगा उघडतात.

कोणती ओढ जिंकेल हे फुगण्याच्या एका गुणांकावर किती अवलंबून असतं ते पाहा. समजा यंग गुणांक ३ गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.३५, लँगम्यूर दाब (ज्या दाबाला क्षमता निम्मी भरते तो) २ मेगापास्कल, भेगांची दाबशीलता (ताणाखाली भेगा किती मिटतात त्याचं माप) दर मेगापास्कलला ०.१, आणि दाब ५ वरून १ मेगापास्कलवर आणायचा आहे. कमाल आकारमानी फुगवटा १ टक्का असेल तर परिणामी ताण एकूण ३.७ मेगापास्कलने उतरतो आणि पारगम्यता तिप्पट होते; ती अगदी सुरुवातीपासून वाढतच राहते. बाकी सगळं तेच ठेवून फुगवटा ०.३ टक्के घेतला, तर पारगम्यता आधी घटते, २.१ मेगापास्कलच्या आसपास ८३ टक्क्यांवर टेकते, आणि १ मेगापास्कलपर्यंत जेमतेम ८९ टक्क्यांवर परत येते. सॅन हुआनमधल्या फ्रूटलंड नावाच्या कोळसाथरांत उत्पादन होत गेलं तशी पारगम्यता वाढत गेलेली दिसली. पण तेवढ्यावरून ती सगळीकडे वाढेलच असं धरता येत नाही. फुगवट्याचा गुणांक दुसऱ्या कोळशाच्या शोधनिबंधातून उचलू नका. स्ट्रेन गेज लावून स्वतःच्या नमुन्यावर मोजा.

इथे मोजणी आणि मॉडेल यांच्यातला सांधा बऱ्याचदा निखळतो. तुमच्या कोअरवर चारी बाजूंनी स्थिर दाब आहे. तो बाहेरच्या बाजूला मोकळेपणी फुगू शकतो. थरातला कोळसा आडवा फुगू शकत नाही, त्यामुळे तोच फुगवटा तिथे भेगांवर जास्त जोराने उठतो. कोअरवरचा दाब-पारगम्यता वक्र थेट थराच्या मॉडेलमध्ये चिकटवला तर तो वेगळ्याच परिस्थितीचा वक्र असतो. कोअरवरून दाबशीलता, सरकणुकीचा गुणांक, फुगवटा आणि लवचीकतेचे गुणांक एवढे घटक काढा, आणि थराचा वक्र थराच्या सीमाअटींवर त्या घटकांमधून बांधा. दाबशीलता हेलियमवर काढा : वायूचा दाब स्थिर, बाहेरचा दाब पायऱ्यापायऱ्यांनी वाढता.

विसरणाचं पद मॉडेलमध्ये घालायचं का? भुकटीवरच्या चाचण्या वाचून पुष्कळ जण दुहेरी किंवा तिहेरी सच्छिद्रतेचं (भेगा आणि मॅट्रिक्स यांचा वेगवेगळा हिशेब ठेवणारं) भारी मॉडेल उभं करतात. आधी दोन वेळा शेजारी ठेवून तुलना करा. अधिशोषित वायूपैकी ६३ टक्के बाहेर यायला लागणारा वेळ अखंड तुकड्यांवर मोजा. तो पुष्कळदा तासांत किंवा दिवसांत येतो. आणि १ मायक्रोडार्सीच्या थरात ५ मीटरवरून दाबाची हालचाल बोअरपर्यंत यायला किती वेळ लागतो? वरचाच अधिशोषण वक्र धरला तर ५ मेगापास्कलला सुमारे तीन महिने, आणि १ मेगापास्कलला साडेपाच वर्षं. एवढा फरक असेल तर अडथळा डार्सीच्या वाटेत आहे, मॅट्रिक्समध्ये नाही. थराच्या पातळीवर तात्काळ समतोल धरलेलं साधं मॉडेल पुरतं. कोअरच्या पल्स चाचणीत मात्र दोन्ही वेळा एकमेकांच्या जवळ येतात आणि विसरणाचं पद तिथे लागतं. एकाच कोळशासाठी दोन पातळ्यांवर दोन वेगळी मॉडेलं वापरण्यात विसंगती नाही.

त्या दोन कालावधींतल्या वीसपटीच्या फरकाकडे जरा थांबून पाहा. पारगम्यता दोन्हीकडे तीच धरली आहे. कमी दाबाला लँगम्यूरचा वक्र चढा असतो, म्हणजे दाब थोडासा उतरायलाही पुष्कळ वायू काढावा लागतो. आणि ढकलायला दाबही कमीच उरलेला असतो. म्हणून निचऱ्याचा पहिला निम्मा वायू जलद येतो आणि शेवटचा हिस्सा संपता संपत नाही. सरासरी दाबावरचा एकच गुणांक घेऊन काढलेलं निचऱ्याचं वेळापत्रक खाणीच्या सुरक्षेच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला चुकतं : काम पुढे सरकेपर्यंत थर पुरेसा रिकामा होईल असं ते सांगतं, आणि तो झालेला नसतो. पारगम्यता आणि साठवणूक दोन्ही प्रत्येक पायरीवर नव्या दाबाला काढायला लावा. आजच्या संगणकावर त्याला काही मिनिटं लागतात.

राहिला थरात कोणता आकडा घालायचा हा प्रश्न. कोअरवरचा कोणताच आकडा थेट घालू नका. कोअरमध्ये क्लीटची एखादी ओळ आली किंवा निसटली एवढ्यावर तो दहापट हलू शकतो. पारगम्यतेचा आरंभीचा आकडा थरातूनच काढावा लागतो. कोअरने फक्त ती दाबाबरोबर कशी बदलेल ते सांगायचं. आणि इथेही साठवणूक आणि प्रवाह वेगळे करण्याचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. निचरा-बोअरचा घटता प्रवाह तुम्ही महिनोन्महिने मोजला तरी, बोअरकडे वायू सरळ रेषेत येत असतानाच्या सुरुवातीच्या काळात तो पारगम्यता आणि साठवणूक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. पारगम्यता चौपट आणि साठवणूक चौथाई घेतली तरी तोच वक्र मिळतो. म्हणून नुसत्या प्रवाहावर जुळवलेलं मॉडेल कितीही छान बसलं तरी त्यातली पारगम्यता खरी आहे असं समजू नका.

दाबाची लाट एखाद्या अंतरावर पोहोचायला लागणारा वेळ मात्र त्याच दोन राशींच्या भागाकारावर ठरतो. गुणाकार आणि भागाकार दोन्ही हातात आले की दोन्ही राशी सुटतात. त्यासाठी निचरा-बोअरपासून दीड-दोन मीटरवर, समांतर, दाब मोजण्यासाठीच एक बोअर घ्या आणि त्याचं तोंड नीट सिमेंटने बंद करा. दोन मीटरपेक्षा फार लांब गेलात तर घट्ट कोळशात लाटेची वाट पाहण्यातच निचऱ्याचा काळ संपेल. प्रवाह आणि हा दाब, दोन्ही वक्र एकाच वेळी, एकाच मॉडेलवर जुळवा, आणि साठवणुकीचा आकडा अधिशोषण वक्राच्या पल्ल्यात पडतो की नाही ते पाहा. तो बाहेर पडत असेल तर पारगम्यतेला हात लावण्याआधी दाबाच्या बोअरचं सिमेंट गळत नाही ना, हे तपासा.